विश्लेषण : एमसीबी पडत नाही, तरी गीझरचा प्लग का जळतो? व्होल्ट, अँपिअर आणि ओहमचं घरगुती गणित

बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ असं छापून येतं, पण प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या नेमकं उलट घडलेलं असतं. गीझरवरच्या स्टिकरवरचे दोन आकडे घेतले, तर हे कोडं घरबसल्या सुटतं.

आगीची बातमी डेस्कवर आली की तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ घर असो, कापडाचं दुकान असो की गोदाम, वाक्य सहसा बदलत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मग दोन वायर एकमेकींना चिकटल्या, ठिणगी उडाली, असं चित्र येतं. असंही होतं. पण थंडीत बाथरूमबाहेरच्या सॉकेटमधून येणारा जळका वास, काळपट झालेली पिन, वितळून सॉकेटलाच चिकटलेला टॉप, या प्रकारांत शॉर्ट सर्किट झालेलं असतंच असं नाही. बऱ्याचदा विजेच्या हिशेबात ते शॉर्ट सर्किटच्या बरोबर विरुद्ध टोक असतं. आणि म्हणूनच एमसीबी शांत बसून राहतो.

हे नीट कळायचं असेल तर शाळेतलं एक समीकरण परत काढावं लागेल. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स म्हणजे काय?

राज्य मंडळाच्या पुस्तकात यांना विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात. वायरमन व्होल्टेज, अँपिअर आणि ‘लोड’ म्हणतो. बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर जास्त. हे झालं व्होल्टेज. नळातून दर सेकंदाला किती पाणी येतं, तो करंट. आणि पाइप किती अरुंद आहे, मध्ये किती गंज बसलाय, ती अडवणूक म्हणजे रेझिस्टन्स. (तुलना इथपर्यंतच ठीक आहे. पाइप कापला तर पाणी सांडतं, वायर कापली तर करंट सांडत नाही, थांबतो.)

या तिघांचं नातं असं : व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स. म्हणजे रेझिस्टन्स काढायचा असेल तर व्होल्टेजला करंटने भागायचं. एकक ओहम.

आणि दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते, म्हणजे पॉवर, ती काढायची तर व्होल्टेज गुणिले करंट. एकक वॉट.

झालं. दोन राशी माहीत असल्या की उरलेल्या दोन निघतात. पुढचं सगळं यातूनच येतं.

गीझरवरच्या स्टिकरवर काय लिहिलेलं असतं?

स्टोरेज गीझरवर साधारणपणे ‘२००० वॉट, २३० व्होल्ट’ असं असतं. पॉवर आणि व्होल्टेज मिळालं. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. आता २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.४ ओहम. गीझरच्या आतल्या कॉइलचा हा रेझिस्टन्स. गीझरचा प्लग पूर्ण काढून, थर्मोस्टॅट चालू स्थितीत असताना मल्टीमीटर लावला, तर याच्या आसपासचाच आकडा दिसतो. दुरुस्तीवाला एका मिनिटात ‘कॉइल गेली’ असं सांगतो तेव्हा तो हेच बघत असतो : २६ ओहमच्या जागी मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे तार मध्येच तुटली आहे.

बादलीत टाकायचा १५०० वॉटचा रॉड ६.५ अँपिअर घेतो, त्याचा रेझिस्टन्स ३५ ओहम. १००० वॉटची इस्त्री ४.३५ अँपिअर, ५३ ओहम. किचनमधला ३००० वॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर, साडेसतरा ओहम. एक गोष्ट लक्षात आली का? वॉट वाढत गेले तसा रेझिस्टन्स कमी होत गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे इथेच गोंधळ होणार आहे.

आपल्याकडचे लहान तीन पिनांचे सॉकेट ६ अँपिअरचे, मोठे ‘पॉवर पॉइंट’ १६ अँपिअरचे. जुन्या घरांत यांच्यावर ५ आणि १५ असे आकडे दिसतात. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. लहान सॉकेटची मर्यादा एवढीच. म्हणजे १५०० वॉटचा रॉडसुद्धा लहान सॉकेटच्या हिशेबात बसत नाही. मग बाजारात मिळणारा, मोठ्या पिनेला लहान सॉकेटमध्ये घुसवणारा कन्व्हर्टर टॉप लावून गीझर चालवला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

हा नियम शोधला कोणी?

नाव जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांचं आहे. कोलोनच्या शाळेत शिकवणारा हा माणूस. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज स्थिर राहत नसे, त्यामुळे मोजमाप सारखं चुकायचं. ओहम यांनी मग दोन वेगवेगळ्या धातूंचा जोड घेतला, एक टोक बर्फात आणि दुसरं उकळत्या पाण्याच्या तापमानाला ठेवलं. त्यातून मिळणारा दाब अगदी थोडा, पण स्थिर. १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ उजाडलं.

खरं तर हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हाती हे नातं ओहमच्या कितीतरी आधी लागलं होतं. त्याच्याकडे करंट मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या शरीराला झटका देऊन ‘हा जास्त लागला की तो’ असा अंदाज घ्यायचा. त्याने ते छापलंच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याच्या वह्या प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं. (यातला कॅव्हेंडिशचा मार्ग घरी अजिबात वापरू नये.)

करंटमुळे वायर तापते, ती किती तापते, हे १८४० च्या सुमारास जेम्स जूल यांनी मोजलं. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं त्यांना दिसलं. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. जूल यांच्या घरचा व्यवसाय बिअर बनवण्याचा होता. आपल्या प्लगचं कोडं सोडवायला ओहमपेक्षा जूल जास्त कामाला येतात.

रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते की कमी होते?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ‘बेसिक इलेक्ट्रिकल’च्या तोंडी परीक्षेत विचारला जाणारा हा प्रश्न. भलेभले अडखळतात, कारण दोन्ही उत्तरांना समीकरणाचा आधार आहे.

पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. यात व्होल्टेजच्या जागी ‘करंट × रेझिस्टन्स’ टाका. पॉवर = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स. म्हणजे रेझिस्टन्स जास्त, उष्णता जास्त. आता उलट, करंटच्या जागी ‘व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स’ टाका. पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स. म्हणजे रेझिस्टन्स जास्त, उष्णता कमी! एकाच नियमातून दोन उलटी उत्तरं कशी?

उत्तर असं की, कुठली गोष्ट कायम राहतेय ते आधी बघावं लागतं. घरातल्या प्रत्येक सॉकेटला २३० व्होल्ट ठरलेले आहेत. तिथे व्होल्टेज कायम, त्यामुळे दुसरं समीकरण लागू. कमी रेझिस्टन्सचं उपकरण जास्त करंट ओढतं आणि जास्त तापतं. म्हणूनच मघाशी ३००० वॉटच्या गीझरचा रेझिस्टन्स इस्त्रीपेक्षा कमी निघाला.

पण सॉकेट ढिला असेल तर? पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी नीट टेकत नाही. दोघांमध्ये अगदी छोटी जागा, थोडा काजळीचा थर. समजा या सांध्याचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला. हा सांधा आणि गीझरची कॉइल एकामागोमाग एक जोडलेले आहेत, एकाच पाइपात आल्यासारखे. गीझरला मिळणारा करंट आधी या सांध्यातून जातो. करंट किती जाणार हे मुख्यतः गीझरचे २६ ओहम ठरवतात, सांध्याचा अर्धा ओहम नाही. म्हणजे सांध्यापुरता करंट जवळपास कायम आहे. इथे पहिलं समीकरण लागू : रेझिस्टन्स जास्त, उष्णता जास्त.

आकडे घालून बघू. एकूण रेझिस्टन्स २६.४५ अधिक ०.५, म्हणजे २६.९५ ओहम. २३० ला याने भागलं की ८.५३ अँपिअर. त्याचा वर्ग साधारण ७२.८. गुणिले अर्धा ओहम : ३६ वॉट.

छत्तीस वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. गीझरच्या २००० वॉटपुढे काहीच नाहीत. पण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कथिल वितळवणारी सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते आणि तिचं टोक दोनशे अंशांच्या वर जातं. गीझरच्या २००० वॉटवर पंधरा लिटर पाणी बसलेलं असतं, ते उष्णता शोषून घेतं. प्लगमधले ३६ वॉट मात्र पिनेच्या टोकाएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये कोंडलेले असतात. सोल्डरिंगची इस्त्री भिंतीत पुरून रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवल्यासारखं हे आहे.

शिवाय हे दुखणं स्वतःच वाढत जातं. तापल्यामुळे पितळेवर गंजाचा थर चढतो, पट्टीचा ताण सैल होतो, टेकणारी जागा आणखी कमी होते, रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे आणखी तापतं. मागच्या वर्षी कोमट लागणारा प्लग यंदा हात लावू देत नाही, याचं कारण हेच.

मग एमसीबी काय करतो?

वरच्या हिशेबात एक आकडा नीट बघा. सांधा चांगला होता तेव्हा करंट ८.७ अँपिअर होता. खराब झाल्यावर ८.५३ झाला. वाढला नाही, कमी झाला.

एमसीबी फक्त करंट बघतो. १६ अँपिअरचा एमसीबी साधारण १८ अँपिअरपर्यंत तासन् तास पडत नाही. मर्यादेच्या जवळपास दीडपट, म्हणजे २३ अँपिअरच्या पुढे गेला तर तो तासाभराच्या आत पडायला हवा, आणि कित्येक पट करंट झाला तर क्षणात. साडेआठ अँपिअर म्हणजे त्याच्यासाठी सगळं आलबेल. फ्यूजचंही तेच. आरसीसीबी, ज्याला अनेक जण अजून ईएलसीबी म्हणतात, तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का एवढंच तपासतो. ढिल्या प्लगमध्ये सगळा करंट इमानदारीत परत येतो. तोही गप्प.

खरं शॉर्ट सर्किट कसं असतं? फेज आणि न्यूट्रल थेट भिडले की मध्ये गीझरचे २६ ओहम उरतच नाहीत. उरतो फक्त वायरचा रेझिस्टन्स. डीपीपासून तुमच्या भिंतीपर्यंतच्या सगळ्या वायरींचा मिळून तो अर्धा ओहम धरला, तर २३० भागिले ०.५ म्हणजे ४६० अँपिअर. एमसीबी तिथल्या तिथे पडतो. म्हणजे बरा एमसीबी बसवलेला असेल तर शॉर्ट सर्किट हा त्यातल्या त्यात पकडला जाणारा दोष आहे. न पकडला जाणारा दोष म्हणजे ढिला स्क्रू, सैल सॉकेट, पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट.

आणखी एक प्रकार सर्रास होतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून तक्रार आली की १६ चा काढून ३२ चा बसवला जातो. भिंतीतली वायर मात्र तीच, दीड स्क्वेअर एमएमची, जिला कॉन्ड्युटमध्ये साधारण पंधरा अँपिअरच्या आसपासच झेपतात. आता वायर तापेल, एमसीबी पडणार नाही. ही दुरुस्ती नव्हे.

एक्स्टेन्शन बोर्डाचं काय?

इथे वायरच रेझिस्टन्स होते. अर्धा स्क्वेअर एमएम तांब्याच्या लवचिक वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ३९ ओहम असतो. स्वस्तातल्या बोर्डाला अशी पाच मीटर वायर असेल, तर करंटला जायला पाच आणि यायला पाच, असे दहा मीटर पडतात. म्हणजे ०.३९ ओहम. त्यावरून गीझर चालवला की वायरमध्येच जवळपास ३० वॉट उष्णता तयार होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. पण आपण काय करतो? उरलेली वायर गुंडाळून, रबरबँड लावून पलंगाखाली सरकवतो, किंवा गालिच्याखालून नेतो. मग ते ३० वॉट आत साठतात.

याच जागी दीड स्क्वेअर एमएमची वायर असती तर रेझिस्टन्स ०.१३ ओहम आणि उष्णता १० वॉट. तिप्पट जाड वायर, एक तृतीयांश उष्णता. बोर्ड घेताना त्यावर किती सॉकेट आहेत हे आपण मोजतो. वायर किती जाड आहे ते सहसा कोणी विचारत नाही. ती बहुतेक वेळा वायरवरच बारीक अक्षरांत छापलेली असते.

सॉकेट चार असले म्हणून क्षमता चौपट होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. बोर्डावर ६ अँपिअर लिहिलेलं असेल तर ते सगळ्यांचे मिळून. रॉड आणि इस्त्री एकत्र लावले की २५०० वॉट, जवळपास ११ अँपिअर. भिंतीतल्या १६ च्या एमसीबीला त्यात काहीच गैर वाटणार नाही.

घरी हे मोजून बघता येतं का?

येतं, आणि वायरला हातही न लावता. तुमच्या वीज मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या दर्शनी भागावर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा आणखी वेगळा असतो, तो आधी बघून घ्या.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिजसुद्धा, तो मध्येच चालू होऊन हिशेब बिघडवतो. फक्त गीझर चालू ठेवा आणि बरोबर एक मिनिट लुकलुक मोजा. समजा ९९ आली. तासाला ९९ गुणिले ६०, म्हणजे ५९४०. त्याला ३२०० ने भागलं की १.८५६ किलोवॉट, म्हणजे १८५६ वॉट. आता मीटरच्या स्क्रीनकडे बघा. अनेक डिजिटल मीटर रीडिंगच्या जोडीने व्होल्टेजही दाखवतात. समजा २२१ दिसलं. करंट १८५६ भागिले २२१ म्हणजे ८.४ अँपिअर. रेझिस्टन्स २२१ भागिले ८.४ म्हणजे २६.३ ओहम. स्टिकरवरून काढलेल्या आकड्याशी जवळपास जुळलं.

पॉवर २००० ऐवजी १८५६ का आली? गीझरने फसवलं नाही. रेझिस्टन्स तोच आहे, व्होल्टेज कमी आहे. स्टिकरवरचे २००० वॉट फक्त २३० व्होल्टला खरे असतात.

मल्टीमीटर असेल तर एक सूचना मात्र पाळाच. तो अँपिअरवर ठेवून सॉकेटच्या दोन भोकांत कधीही घालू नका. अँपिअर मोजताना मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो. २३० ला शून्याच्या जवळच्या आकड्याने भागून काय येतं, ते वर बघितलंच आहे.

व्होल्टेज कमी असेल तर बिल कमी येतं का?

गीझरपुरतं बोलायचं तर, नाही. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण ०.५२ युनिट लागतात. २३० व्होल्टला हे काम पावणेसोळा मिनिटांत होतं. व्होल्टेज १९० वर आलं की पॉवर १३६५ वॉट होते आणि २३ मिनिटं लागतात. युनिट तेवढेच. फक्त बाहेर टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस जास्त वेळ थांबतो.

मोटारीचं गणित मात्र वेगळं आहे आणि शेतकऱ्याला ते महागात पडतं. विहिरीतून तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असेल तर पंपाला पॉवर जवळपास तेवढीच लागते. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज खाली गेलं की मोटार करंट वर ओढते. थ्री फेजला ४१५ व्होल्टच्या जागी ३४० मिळाले, तर ढोबळमानाने करंट २२ टक्के वाढतो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास ४९ टक्के. दीडपट उष्णता रोज सोसून मोटार जळते आणि मग ती बाहेर काढून तालुक्याला रिवाइंडिंगला न्यावी लागते, तीही नेमकी पिकाला पाण्याची गरज असताना.

यात भर म्हणजे डीपीपासून लांबच्या विहिरीपर्यंत गेलेल्या तारांनाही रेझिस्टन्स आहे. एका डीपीवर सगळे पंप एकाच वेळी सुरू झाले की तारेतला करंट वाढतो, तारेतच जास्त व्होल्ट खर्ची पडतात, शेवटच्या पंपाला आणखी कमी व्होल्टेज मिळतं आणि तो आणखी करंट ओढतो. पंपाला कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असतं ते यासाठी. कपॅसिटरमुळे पंपाचं काम तेवढंच राहतं, पण तारेतून येणारा फुकटचा करंट कमी होतो.

प्रत्येक उपकरणाला हा हिशेब लागू होतो?

नाही. गीझर, इस्त्री, रॉड, टोस्टर यांच्या आत निक्रोमची तार असते, तिचा रेझिस्टन्स तापल्यावरही फारसा बदलत नाही. तिथे ओहमचा नियम चोख चालतो. जुना पिवळा बल्ब तसा नाही. १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम, पण थंड असताना मोजला तर चाळीसच्या आसपास. म्हणून बटण दाबताक्षणी त्यातून काही अँपिअरचा झटका जातो, आणि बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडतो.

एलईडी बल्ब, टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर एसी यांच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. त्यांचा ‘रेझिस्टन्स किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. मोटार आणि पंख्याच्या बाबतीत व्होल्टेज गुणिले करंट केल्यावर जे येतं ते सगळं वॉट नसतं, त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. घरच्या इन्व्हर्टरवर ‘८५० व्हीए’ लिहिलेलं असतं, वॉट नाही, ते त्याचमुळे. दोन्ही आकडे सारखे समजून लोड टाकला की इन्व्हर्टर शिट्टी मारतो.

चंद्रपूरची वीज मुंबईकडे येताना

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे वीज लांब न्यायची तर करंट कमी ठेवायचा आणि व्होल्टेज वाढवायचं. राज्यातलं सर्वात ठसठशीत उदाहरण चंद्रपूर ते पडघे ही साडेसातशे किलोमीटरची डीसी लाइन. अधिक आणि उणे पाच लाख व्होल्ट, म्हणजे दोन तारांमध्ये दहा लाख व्होल्टचा फरक. क्षमता १५०० मेगावॉट, म्हणजे १५० कोटी वॉट. भागाकार करा : १५०० अँपिअर. हीच वीज २३० व्होल्टला न्यायची म्हटली असती तर ६५ लाख अँपिअर झाले असते आणि तेवढी जाड तार ओढायला जागा पुरली नसती.

तुमच्या हातातल्या फोनचा फास्ट चार्जरही हीच युक्ती वापरतो. ५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे १० वॉट. त्याच बारीक केबलमधून ९ व्होल्टला २ अँपिअर नेले की १८ वॉट मिळतात आणि केबल पूर्वीइतकीच तापते. बाय द वे, ५००० एमएएचचा फोन रोज शून्यापासून पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. दोन किलोवॉटचा गीझर तेवढं अर्ध्या तासात संपवतो.

आणि शॉक?

तिथेही भागाकारच. ओल्या हाताने, अनवाणी असताना शरीराचा रेझिस्टन्स हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. जीव जायला हे पुरेसं आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र इतका छोटा करंट जाणवतही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा यासाठीचा इलाज. तो ढिल्या प्लगला उपयोगाचा नाही असं वर म्हटलं असलं, तरी बाथरूमच्या लाइनवर तो हवाच.

प्लग गरम लागत असेल तर काय कराल?

गीझर दहा मिनिटं चालवा, भिंतीवरचं बटण बंद करा, मग टॉप बाहेर काढून पिनांजवळचा भाग चाचपून बघा. पिना थेट धरू नका, पोळू शकतं. किंचित कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, एकच पिन दुसरीपेक्षा जास्त तापली असेल, प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल किंवा टॉप सॉकेटमध्ये डुलत असेल, तर सांध्याचा रेझिस्टन्स वाढला आहे. मेन बंद करून वायरमनकडून सॉकेटच्या मागचे स्क्रूही तपासून घ्या, कारण अनेकदा पिन चांगली असते आणि मागे वायरचे निम्मेच धागे स्क्रूखाली असतात. बदलायची वेळ आलीच तर फक्त टॉप बदलून भागत नाही. एकदा तापून गेलेल्या पितळी पट्टीचा ताण परत येत नाही. जुन्या सॉकेटमध्ये घातलेला नवा टॉप काही आठवड्यांत तसाच काळा पडतो. दोन्ही एकदम बदलावे लागतात.